५२ कोटींचं केळं आणि मामींची वाकळ

अर्धापूरला मामांच्या बागेत केळीची काढणी चालली होती. मजूर खांद्यावर घड घेऊन बांधावरनं ट्रककडं जात होते. व्यापाऱ्याचा माणूस फण्या उलट्यासुलट्या करून ‘माल बारीक आहे’ असं पुटपुटत होता. भाव पाडायचा असला की सगळाच माल बारीक असतो. मामांनी खिशातनं मोबाइल काढला आणि मला एक फोटो दाखवला. पांढरी भिंत, आणि तिच्यावर राखाडी चिकटपट्टीनं तिरकं चिकटवलेलं एक केळं.

“भाच्या, तू चित्रकलेचा मास्तर. मला एवढंच सांग, हे एक केळं ५२ कोटीला कसं गेलं? अन् माझा भरलेला ट्रक कामून जाईना?”

वीस वर्षं मी पोरांना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसवतोय. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे सगळं तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी मामांपुढं माझी बोबडी वळली. ट्रक गेला, मी नांदेडला परतलो आणि मग डोक्यात उत्तरं सुचायला लागली. ती इथं मांडतो.

आधी बातमी नीट बघू

हे केळं मॉरिझिओ कॅटलान या इटालियन कलावंताचं. कलाकृतीचं नाव ‘कॉमेडियन’. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मायामीच्या कलाबाजारात ती पहिल्यांदा भिंतीवर लागली. तिच्या मोजक्या प्रती विक्रीला होत्या आणि किंमत १ लाख २० हजार डॉलरपासून पुढं. तिथंच एका दुसऱ्या कलावंतानं ते केळं भिंतीवरनं काढलं, सोललं आणि खाऊन टाकलं. थोड्या वेळात नवीन केळं लागलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातली एक प्रत न्यूयॉर्कला सदबीज या लिलावगृहात लिलावाला निघाली आणि ६२ लाख डॉलरला, म्हणजे सुमारे ५२ कोटी रुपयांना गेली. घेणारा जस्टिन सन हा क्रिप्टोच्या, म्हणजे संगणकावरच्या आभासी चलनाच्या धंद्यातला माणूस. त्यानं पुढं हाँगकाँगमध्ये पत्रकार बोलावून त्यांच्यासमोर केळं खाल्लं. लिलावातलं केळं त्याच दिवशी रस्त्यावरच्या फळगाड्यावरनं ३५ सेंटला आणलेलं होतं. आपले साधारण तीस रुपये. मामा म्हणाले, “एका केळाला तीस? तेबी मला परवडंल.”

मग ५२ कोटींना विकलं तरी काय?

एक प्रमाणपत्र, आणि सोबत केळं कसं लावायचं याच्या सूचना. जमिनीपासून किती उंचीवर, कोणत्या कोनात, किती दिवसांनी बदलायचं. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाला एक प्रत देणगी म्हणून मिळाली, तेव्हा या सूचनाच १४ पानांच्या निघाल्या.

शेतकऱ्याला हे पटकन कळायला हरकत नाही. केळं म्हणजे उभं पीक. कापा, खा, सडू द्या, पुन्हा लावता येतं. प्रमाणपत्र म्हणजे सातबारा. आपण जमीन विकत घेतो तेव्हा माती टोपल्यात भरून घरी आणत नाही, उताऱ्यावर नाव लावून घेतो. शेजाऱ्याच्या वावरात तुम्ही नांगर घातला तरी उताऱ्यावरचं नाव त्याचंच राहतं. तसंच केळं भिंतीला तुम्हीही चिकटवा, मीही चिकटवतो. ‘कॉमेडियन’ म्हणून विकायचा हक्क ज्याच्या नावावर कागद आहे त्यालाच.

कलाकृती म्हणजे वस्तू नसून तिच्यामागची कल्पना, अशा प्रकाराला संकल्पनात्मक कला म्हणतात. गेल्या साठेक वर्षांतल्या ‘समकालीन’ म्हटल्या जाणाऱ्या कलेतला हा एक मोठा फाटा. यापुढं मी जडशब्द कमी वापरीन, पण हा एक लक्षात ठेवा.

मामांची हरकत तयार होती. “जमिनीत काहीतरी पिकतं. कागदावर काय पिकतं?”

भाव पिकतो, दुसरं काय. त्याच्याकडं पुढं येतो.

चित्रकाराचं काम कुणी पळवलं?

मळणीयंत्र आलं आणि खळं गेलं, हे माझ्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं. युरोपातल्या चित्रकारांचं तसंच झालं. राजाचा चेहरा हुबेहूब उतरवायचा, लढाई रंगवायची, सावकाराच्या बायकोचे दागिने चमकवायचे, हे त्यांचं रोजगाराचं काम. १८३९ मध्ये फोटो काढायची रीत जाहीर झाली आणि हुबेहूबपणा यंत्राकडं गेला.

मग चित्रकार विचार करायला लागले, की कॅमेऱ्याला न जमणारं काय उरलं? १८७४ मध्ये पॅरिसच्या काही चित्रकारांनी वस्तूऐवजी तिच्यावर पडलेला उजेड रंगवला, लोक हसले. पुढं कुणी वस्तू मोडून तिच्या सगळ्या बाजू एकदम दाखवल्या. १९१५ मध्ये रशियात मालेविच या चित्रकारानं पांढऱ्यावर काळा चौकोन काढून ठेवला.

आणि १९१७ मध्ये न्यूयॉर्कला मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंतानं दुकानातली एक चिनी मातीची मुतारी घेतली, ती आडवी ठेवून तिच्यावर ‘आर. मट’ अशी खोटी सही केली आणि प्रदर्शनाला पाठवून दिली. फी भरणाऱ्या प्रत्येकाचं काम लावायचं, असा त्या प्रदर्शनाचा नियम होता. तरी आयोजकांनी ते लावलं नाही. मूळ मुतारी हरवली, पण द्युशाँनं टाकलेला पेच अजून सुटलेला नाही: कलावंताचं काम हाताच्या कसबात असतं, की निवडीत?

हे ऐकून डोकं फिरण्याआधी गावच्या शिवेवर जाऊन या. बांधावर शंभर दगड असतात. त्यातल्या एकाला कुणीतरी शेंदूर फासतं, आणि तो म्हसोबा होतो. छिन्नी लागलेली नाही, नाक-डोळे नाहीत. निवड झाली, जागा ठरली आणि गावानं मानलं, एवढंच घडलं. मी श्रद्धेची आणि मुतारीची बरोबरी करत नाही, कृपा करून गैरसमज नको. दगड तोच राहून त्याचा अर्थ बदलतो, ही रीत आपल्याला नवी नाही, एवढंच म्हणतोय. आणि शेंदूर लावलेल्या प्रत्येक दगडाला नवस बोलायला कुणी जात नाही, हेही गावाला ठाऊक असतं.

“पण हे आहे कशाचं चित्र?”

प्रदर्शनात सगळ्यात जास्त कानावर येणारा प्रश्न हा. त्यासाठी मला मामींची वाकळ लागते.

मामींच्या खोलीत लोखंडी पेटीवर घडी घालून ठेवलेली असते ती. जुनी नऊवारी, मामांचं धोतर, पोरांचे शाळेचे शर्ट, सगळ्याचे तुकडे एकमेकांवर थर लावून धावदोऱ्यानं शिवलेले. निळ्या तुकड्यांची मोठी पट्टी आहे, तिच्या कडेला मळकट पांढरा आणि मधोमध न बसवता जरा डावीकडं सरकवलेला एक लालभडक चौकोन. मी एकदा विचारलं, “मामी, लाल तिथं का लावलं?” त्या म्हणाल्या, “तिथंच पायजे होतं. उगं सगळं निळं निळं दिसायलतं.”

‘तिथंच पाहिजे होतं’ हे ज्याला कळलं त्याला अमूर्त चित्र अर्धं कळलं. अमूर्त म्हणजे ज्यात ओळखीची वस्तू, माणूस, झाड दिसत नाही, फक्त रंग, आकार, पोत आणि मोकळी जागा बोलतात असं चित्र. वाकळ हातात घेऊन ‘ही कशाची आहे?’ असं आपण विचारत नाही. पैठणीच्या धूपछाव रंगालाही विचारत नाही. बघतो, बरं वाटतं, नाहीतर वाटत नाही.

वासुदेव गायतोंडे यांचं नाव इथं घ्यायलाच हवं. जन्म नागपूरचा, १९२४ चा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. रोलर आणि पट्टीनं ते रंगाचे पातळ थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. ‘अमूर्त’ हा शब्द त्यांना पसंत नव्हता, ते आपल्या कामाला ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. २००१ मध्ये ते गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचं १९७० सालचं एक चित्र दिल्लीच्या लिलावात सुमारे ६७ कोटी रुपयांना गेलं. म्हणजे मामांच्या फोटोतल्या केळ्यापेक्षा महाग. त्यात केळंसुद्धा नाही.

छापील फोटोत हे चित्र बघून मत बनवू नका. मोबाइलच्या पडद्यावर त्याचा पिवळा डाग होतो. समोर उभं राहिलं की थरांखालचे थर दिसायला लागतात, विहिरीत वाकून बघितल्यासारखे. मला पहिल्या पाच मिनिटांत काहीच झालं नव्हतं, हे कबूल करतो. दहाव्या मिनिटाला पाय हलेनात.

घागरींची रांग

उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावात हे दृश्य पाहिलेलं नाही असा मराठवाड्यातला माणूस विरळा. टँकर यायला अजून दोन तास आहेत. रस्त्यावर रांग लागलीय, पण रांगेत माणूस नाही. घागरी उभ्या आहेत. प्लास्टिकच्या, स्टीलच्या, एखादी पोचे आलेली पितळी, मध्येच तेलाचा रिकामा डबा. एकीच्या गळ्याला लाल चिंधी, दुसरीवर ऑइलपेंटनं नाव. मालकिणी लिंबाखाली सावलीला. नंबर मात्र कुणी मोडत नाही.

आता हीच रांग, जशीच्या तशी, एखाद्या मोठ्या पांढऱ्या दालनात मांडली तर? छताला बारीक दिवे, आत शिरायची वाट एकच, आणि तुम्हाला दुसऱ्या टोकाला जायचं तर त्या रांगेच्या कडेकडेनं, शेवटच्या घागरीपासून पहिलीपर्यंत चालावं लागतं. टोकाला गेल्यावर कळतं की तिथं टँकर नाही. जागेसकट अनुभवायच्या अशा रचनेला मांडणशिल्प म्हणतात. चित्राला आपण समोर उभं राहून बघतो. इथं आपण आत असतो. (ही कल्पना माझी आहे, कुणाला करायची तर खुशाल करा. सातबारा मागणार नाही.)

असंच एक खरं काम सांगतो, सूर्यफूल पेरलेल्या माणसाला ते आवडेल. चीनच्या आय वेवे या कलावंतानं २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या अवाढव्य दालनात सूर्यफुलाच्या १० कोटी बिया पसरल्या. लांबून खळ्यावर रास पसरल्यासारखं दिसायचं. प्रत्येक बी चिनी मातीची, भट्टीत भाजलेली, वरच्या काळ्या रेघा हातानं ओढलेल्या. जिंगदेझेन या शहरातल्या सुमारे १६०० कारागिरांनी त्या केल्या. माओच्या काळातल्या पोस्टरांवर माओ सूर्य आणि जनता त्याच्याकडं तोंड वळवलेली सूर्यफुलं असायची. आता प्रत्येक बी वेगळी, पण राशीत कुठलीच ओळखू येत नाही. ‘मेड इन चायना’ हा शिक्का आपण रोज बघतो, त्यामागचे हात त्या राशीत होते. आधी लोकांना त्यावर चालायला मुभा होती, पण चालताना उडणारी धूळ आरोग्याला वाईट म्हणून ती काही दिवसांतच बंद केली.

आपल्याकडं लातूर जिल्ह्यात निलंग्याला मंगेश निपाणीकर यांनी शेतात धान्य पेरून शिवाजी महाराजांची प्रतिमा उगवली होती. खाली उभं राहिलं तर नुसतं हिरवं रोप, आकाशातनं बघितलं तर महाराज. जमीन हाच कागद, असं काम करणाऱ्यांची जगात एक मोठी परंपरा आहे. अमेरिकेच्या उटाह राज्यात रॉबर्ट स्मिथसन या कलावंतानं १९७० मध्ये खाऱ्या तळ्यात दगड-मातीचा १५०० फुटी गोल वळत जाणारा बांध घातला. तो दगड बसाल्ट, म्हणजे आपल्या वेरूळच्याच जातीचा काळा. तो बांध बरीच वर्षं पाण्याखाली जाऊन पुन्हा वर आला. माझं मत विचाराल तर निलंग्याचं काम तंत्रानं आजचं आहे, पण त्याचा जीव ओळख पटण्यात आहे. स्मिथसनचा बांध कशासारखाच दिसत नाही. दोन्हींना जागा आहे. गावानं गर्दी कुठं केली असती, ते सांगायला नको.

विषय तरी काय असतात?

आपलेच. स्थलांतर, जात, बाईचे कष्ट, संपणारं पाणी, खणलेली जमीन. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा प्रभाकर पाचपुते कोळशानं भिंतीएवढी चित्रं काढतो, कारण घरातल्या पिढ्या कोळशाच्या खाणीत राबल्या. ज्या पदार्थानं घर काळवंडलं, त्याच पदार्थानं चित्र. २०२२ मध्ये व्हेनिसच्या प्रसिद्ध द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याचं काम होतं. विक्रोळीत वाढलेला विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळीतली माणसं निळ्या रंगात जागी करतो. बिहारचा सुबोध गुप्ता स्टीलच्या ताटवाट्या-डब्यांचे ढीग रचतो. तीच भांडी जी आपण लग्नात आहेर म्हणून देतो आणि माळ्यावर टाकतो. आफ्रिकेतला एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं चेपून तांब्याच्या तारेनं जोडतो आणि भिंत झाकणारं वस्त्र करतो. ते पाहिल्यावर मला पहिल्यांदा मामींची वाकळच आठवली.

यातल्या साहित्याकडं बघा: कोळसा, भांडी, झाकणं. तैलरंगाची नळी लागतेच असं नाही. कशापासून केलं, हे आता विषयाइतकंच बोलतं.

“हे तर माझं पोरगंही करील”

करील की. पण केलं नाही, हा एक भाग. दुसरा जास्त खरा: पोरगं एकदा करील. गायतोंडे वर्षानुवर्षं करत राहिले आणि काय ठेवायचं नाही हे त्यांना कळत होतं. माझ्या वर्गात संकल्पचित्राच्या तासाला पाचवीची पोरं कधीकधी थक्क करणारे आकार जोडतात. दुसऱ्या तासाला सांगितलं तर तसं पुन्हा जमत नाही, कारण आधी काय जमलं होतं ते त्यांनी पाहिलेलं नसतं. शिवाय आम्ही मास्तर लोक लगेच दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी आणि नदी काढायला शिकवून त्यांची खोड मोडतो. या पापात मीही आहे.

“म्हणजे सगळं खरंच आहे? फसवाफसवी नाहीच?”

आहे की. भरपूर आहे. टुकार काम करून शेजारी दोन पानी अवघड मजकूर लावणारे मी पुष्कळ पाहिलेत. मजकूर झाकून बघावं. काम त्याच्याशिवाय थोडंतरी उभं राहत असेल तर ठीक, नाहीतर पुढं सरकावं. घागरींची रांग मांडली आणि ती बघून पाण्याची आठवणसुद्धा आली नाही, तर दोष बघणाऱ्याचा नाही.

आणि किमतीचं म्हणाल तर किंमत आणि कला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंढरपुरात जन्मलेल्या आणि सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र १९५४ मध्ये १४०० रुपयांना विकलं गेलं. घेणारा नॉर्वेचा एक डॉक्टर. पुढं ते ऑस्लोच्या रुग्णालयाकडं गेलं आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ११८ कोटी रुपयांना विकलं गेलं. तेव्हापर्यंत आधुनिक भारतीय चित्राला एवढा भाव आलेला नव्हता. हुसेन २०११ मध्येच वारले. लिलावाचा पैसा आधीच्या मालकाला जातो, चित्रकाराला नाही. शेतकरी दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन विकतो आणि भाव चढतो तो व्यापाऱ्याच्या गोदामात, तसाच हा प्रकार. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३-अ आहे. दहा हजार रुपयांच्या वर पुनर्विक्री झाली तर मूळ कलावंताला किंवा वारसाला वाटा मिळावा, असं ते सांगतं. कागदावर आहे, एवढंच म्हणतो.

केळ्याची ५२ कोटी ही रक्कमही केळ्याबद्दल काही सांगत नाही. ती घेणाऱ्याबद्दल सांगते. कॅटलानची खोडी नेमकी तिथं आहे. त्यानं नाव ‘कॉमेडियन’ ठेवलं. हसू कुणावर, हे बोली लावणाऱ्यानं ठरवायचं. मला स्वतःला हे काम एकदा हसण्यापुरतं आवडतं. दुसऱ्यांदा बघावं असं त्यात काही नाही, गायतोंड्यांच्या चित्रात आहे.

“हे सगळं बाहेरचं. आपली कला म्हणजे अजिंठा”

अजिंठ्याचा अभिमान मलाही आहे, दरवर्षी पोरांची सहल नेतो. पण पहिल्या लेण्यातला पद्मपाणी नीट बघा. भुवयांची ती एकच रेघ, खांद्यांचा तो उतार, असा माणूस नांदेडच्या बसस्टँडवर दिसत नाही. चित्रकाराला हुबेहूब माणूस काढायचाच नव्हता, करुणा काढायची होती. आसपासच्या भिंतींवर आकृत्या एकमेकींत मिसळतात, एका प्रसंगातून दुसरा कधी सुरू झाला कळत नाही. त्या काळी ते काम नवंच असणार. वेरूळचं कैलास लेणं तर कळसापासून खाली खोदत आणलेलं. आधी पाया, मग भिंत हा शहाणपणा त्या लोकांनीही गुंडाळूनच ठेवला होता.

छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे. विद्यार्थ्यांचं प्रदर्शन लागलं की जा, कुणी अडवत नाही. पोरांच्या कामात बोंडं, कोयते, पत्र्याच्या शेडी दिसतील. समोर पोरगं उभं असलं तर ‘हे कशाचं?’ ऐवजी ‘हे यातच का केलंस?’ असं विचारून बघा. अर्धा तास बोलत राहील.

एवढं सगळं मी दिवाळीत मामांना पुन्हा नीट सांगितलं. सातबाऱ्यापर्यंत ते मान हलवत होते. म्हसोबाला त्यांनी नुसतं “हं” केलं. मामी आतून म्हणाल्या, वाकळ न्यायची असंल तर धुऊन देते. बराच वेळ मामा तो फोटो बोटांनी मोठा करून बघत राहिले.

“भाच्या, यानं पिवळं केळं लावलंय.”

“हो, पिकलेलंच आहे.”

“तिथंच चुकलं त्याचं. हिरवं लावायचं होतं. आठ-दहा दिवस निवांत टिकलं असतं.”